गाडी ब्रेकनं थांबवायची की गिअरनं?

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून मोटारसायकल चालवते, त्याआधी बिनगिअरची स्कूटर होती. गाडी दादानं शिकवली. तो सांगतो, "थांबायचं असलं की आधी क्लच दाबायचा, मागचा ब्रेक मारायचा आणि थांबल्यावर गिअर पाडायचे. पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील." मी तसंच करते, पण थांबल्यावर चौथ्यावरून पहिल्यावर येताना गिअर अडकतो, तोवर सिग्नल सुटतो आणि मागचे हॉर्न वाजवतात. ऑफिसमधले एक सहकारी बरीच वर्षं गाडी चालवतात. ते म्हणतात, "ब्रेक कशाला झिजवायचे? एकेक गिअर पाडत जायचं, गाडी आपोआप हळू होते." तसं करून पाहिलं. गेल्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच सोडला आणि मागचं चाक चर्रकन बाजूला सरकलं. पडले नाही, पण तेव्हापासून लाल सिग्नल दिसला की पोटात गोळा येतो. माझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, एबीएस आहे. मग चाक घसरलं कसं? आणि मी ऐकू कुणाचं?

उत्तर:

तुमच्या त्या मागच्या चाकापासूनच सुरुवात करू. ते का सरकलं हे कळलं की दादाचं आणि सहकाऱ्यांचं काय चुकतं तेही कळेल.

प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत होतं. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला साडेपाच हजारांच्या आसपास फिरावं लागतं, आणि पहिल्यात तर आठ हजारांच्या वर. आकडे गाडीगणिक बदलतील, पण उडी साधारण एवढीच असते. आता तुम्ही काय केलंत? रेस बंद होती. क्लच दाबल्यावर इंजिन आणखी खाली, दोनेक हजारांवर आलं. मग दुसरा गिअर पडला आणि क्लच झटक्यात सुटला. दोन हजारांवरच्या इंजिनाला एका क्षणात साडेपाच हजारांवर न्यायचं कुणी? ते काम मागच्या चाकाच्या गळ्यात पडलं. कोरड्या रस्त्यावर चाक ते कसंबसं निभावून नेतं आणि तुम्हाला नुसता गचका बसतो. ओल्या रस्त्यावर टायरला तेवढी पकडच मिळत नाही. गाडीचा वेग एक, चाकाचा त्याहून कमी, आणि चाक फरफटत जातं. तुम्ही ऐकलेला आवाज त्याचाच.

मग एबीएस काय करत होता? काहीच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. चाक अडकतंय असं दिसलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा आणि पुन्हा द्यायचा, एवढंच त्याला करता येतं. तुमचं चाक ब्रेकनं धरलेलं नव्हतं, इंजिनानं धरलं होतं. जो दाब मुळात नाहीच, तो एबीएस सोडणार कुठून? शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो आणि मागचा ब्रेक साधाच असतो. तुमच्या गाडीत कसं आहे ते गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहून घ्या. ती पुस्तिका सहसा कुणी उघडत नाही, पण या एका प्रश्नासाठी उघडाच.

आता दादाकडे वळू. पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि माझ्या मते गाडी शिकवताना दिला जाणारा हा सगळ्यात घातक सल्ला आहे.

गाडी सरळ एका वेगात चालली असताना गाडीचं आणि तुमचं मिळून वजन दोन्ही चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं असतं. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. कोरड्या डांबरावर कडक ब्रेक लावला तर एकूण भारापैकी ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पुढच्या चाकावर जातो. टायरवर भार जितका जास्त, तितकी त्याची पकड जास्त. म्हणजे ज्या क्षणी थांबणं सगळ्यात निकडीचं असतं, नेमकं त्याच क्षणी मागचं चाक हलकं होऊन बसतं आणि थांबवण्याची खरी ताकद पुढे असते. दादाच्या पद्धतीत तीच ताकद तुम्ही बाजूला ठेवता.

६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ती तिथून २० मीटरच्या आसपास थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर हेच अंतर जवळपास दुप्पट होतं. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत जो सेकंदभर जातो, त्याचे १७ मीटर यात धरलेलेच नाहीत. आणि वेग निम्मा म्हणजे ३० असता, तर ब्रेक लागल्यानंतरचे २० मीटर दहावर नाही, पाचवर आले असते.

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. त्यात आढळलं की ऐन वेळी बहुतेक चालक मागचा ब्रेक इतका दाबतात की चाक अडकून घसरतं, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाहीत. अपघात टाळायला मिळणारा वेळ बहुधा दोन सेकंदांहूनही कमी असतो, हेही त्यातच नोंदलं आहे. दोन सेकंदांत माणूस नवीन काही करत नाही, जे अंगवळणी पडलेलं आहे तेच करतो. रोज नुसता मागचा ब्रेक मारणाऱ्याचा हात त्या दिवशी पुढच्या लीव्हरकडे जाईल कसा?

दादाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. पुढच्या ब्रेकनं लोक पडतात. पण ते ब्रेक लावल्यामुळे पडत नाहीत, एकदम आवळल्यामुळे पडतात. लीव्हर खसकन ओढला की भार पुढे यायच्या आधीच चाक अडकतं. त्या क्षणी टायरवर पुरेसं वजन आलेलंच नसतं. म्हणून पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत लावायचा. आधी लीव्हर हलकेच ओढा. मोकळा भाग संपतो, पॅड डिस्कला टेकतात, पुढचे शॉकअप जरा बसतात आणि हँडल किंचित खाली गेल्याचं तळहाताला कळतं. आता टायर रस्त्यावर दाबला गेला आहे. इथून पुढे लीव्हर हवा तितका पिळा, तो ऐकतो. सवय झाल्यावर हे दोन टप्पे इतके लागोपाठ होतात की बघणाऱ्याला एकच वाटतात.

आणि दोन ठिकाणी दादा बरोबरच आहे. अगदी सावकाश चालताना, हँडल वळलेलं असताना, उदाहरणार्थ पार्किंगमध्ये गाडी फिरवताना, पुढचा ब्रेक दाबला तर गाडी त्या बाजूला बदकन आडवी होते. तिथे मागचाच ब्रेक वापरा. वाळू, खडी, चिखल यांवरही पुढच्या ब्रेकला अगदी बेताचाच दाब द्यायचा. तोंडावर पडल्याचे बरेचसे किस्से अशाच जागांचे असतात, आणि मग सरसकट पुढचा ब्रेकच बदनाम होतो.

दादाचा दुसरा भाग म्हणजे आधी क्लच. क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटलं. गाडी पूर्ण वेगात आहे आणि तिला मागून रोखून धरणारं इंजिन तुम्ही बाजूला केलं आहे. समजा ब्रेक मारता मारता दिसलं की मागून येणाऱ्या ट्रकला थांबता येत नाही आणि बाजूला निसटायला हवं. रेस द्याल तर इंजिन नुसतं ओरडेल, गाडी हलणार नाही. गिअर चौथा आहे, वेग वीस आहे, क्लच सोडला तर गाडी गचके खात बंद पडेल. क्लच दाबून गेलं की पेट्रोल वाचतं असं दादा म्हणत असेल तर तेही खरं नाही. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये राहून रेस पूर्ण बंद केली की इंजिनाचे फेरे बऱ्यापैकी खाली येईपर्यंत पेट्रोल जातच नाही, चाकच इंजिनाला फिरवत असतं. उलट क्लच दाबलेला असला की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.

सहकाऱ्यांचं म्हणणं याच्या दुसऱ्या टोकाचं आहे. रेस बंद केल्यावर इंजिन गाडीला रोखतं हे खरं. हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढताना इंजिनाला कष्ट पडतात. ते कष्ट आणि आतलं घर्षण मिळून गाडी मागे खेचली जाते. खालचा गिअर टाकला की हे खेचणं वाढतं. पण ते खेचणं फक्त मागच्या चाकाला मिळतं, म्हणजे ब्रेक लावताना जे चाक हलकं होतं त्याच चाकाला. दादाची पद्धत आणि सहकाऱ्यांची पद्धत वरवर विरुद्ध वाटतात, पण दोन्हींत थांबवण्याचं सगळं ओझं मागच्याच चाकावर टाकलेलं आहे.

ब्रेक झिजण्याच्या हिशेबातही काही तथ्य नाही. पॅड ही झिजण्यासाठीच केलेली वस्तू आहे आणि मेकॅनिक ते थोड्या वेळात बदलून देतो. क्लच प्लेट बदलायला इंजिनाची बाजू उघडावी लागते. वेग उतरायच्या आधीच गिअर पाडून क्लचच्या घर्षणावर गाडी हळू करणं म्हणजे सोपी दुरुस्ती वाचवून अवघड दुरुस्ती ओढवून घेणं. त्यातही घाईत एकाच्या जागी दोन गिअर पडले तर इंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरू शकतं. अशा वेळी रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय, तोही उपयोगी पडत नाही, कारण तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. इंजिनाला फिरवणारं चाक त्याच्या हातात नसतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. नुसत्या गिअरवर गाडी हळू केली तर मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला कळतच नाही की तुम्ही थांबताय. म्हणून इंजिनावर वेग उतरवत असाल तेव्हाही ब्रेकच्या लीव्हरला दिवा लागेल इतका स्पर्श ठेवा.

तर मग कुणाचं ऐकायचं? वेग कमी करण्याचं काम ब्रेकचं. गिअर वेगाच्या मागोमाग खाली येतो. तो गाडी थांबवण्यासाठी पाडायचा नसतो, तर आत्ता या क्षणी रेस दिली तर गाडी उचलली पाहिजे, म्हणून पाडायचा असतो. आणि क्लच फक्त गिअर बदलण्यापुरता, नाहीतर अगदी शेवटी इंजिन बंद पडू नये म्हणून. या क्रमानं गेलात तर गिअर पडेपर्यंत वेग आधीच उतरलेला असतो, त्यामुळे इंजिनाला मोठी उडी मारावी लागत नाही आणि मागचं चाकही फरफटत नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एकदा सावकाश पाहू. पाचवा गिअर, ६० चा वेग, समोर सिग्नल लाल. आरशात एक नजर टाका. रेस पूर्ण बंद करा; गाडी स्वतःहूनच जरा रोखल्यासारखी होते. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर, बाकीची मुठीवर. गुडघ्यांनी टाकी धरा म्हणजे शरीराचं वजन हातांवर येणार नाही. कोपरं सैल ठेवा, नजर दूर. जवळच्या रस्त्याकडे किंवा समोरच्या चाकाकडे बघू नका. पुढचा ब्रेक हलका, मग पक्का. मागच्या पेडलवर पाय बेताचा. वेग उतरतो तसा इंजिनाचा आवाज जड होत जातो. तुमच्या गाडीत चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास तो गुरगुरल्यासारखा वाटायला लागेल. आता क्लच दाबा, डाव्या पायानं गिअरचा लीव्हर एकदाच आणि पूर्ण खाली दाबा, आणि पाय वर घ्या. हे पाय वर घेणं महत्त्वाचं आहे, कारण लीव्हर परत आल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. अर्धवट दाबला तर दोन गिअरच्या मध्येच अडकून राहतो आणि तो न्यूट्रल आहे की काय, तेच कळत नाही.

मग क्लच सोडायचा, आणि तुमचं चाक घसरलं ते इथेच. लीव्हरचा पहिला भाग पटकन सोडला तरी चालतो. जिथे पकड सुरू होते, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, तिथे हात क्षणभर थबकला पाहिजे. इंजिनाचा आवाज चढताना ऐकू येतो, कारण चाक त्याला हळूहळू वर नेत असतं. तो चढायचा थांबला की उरलेला लीव्हर सोडून द्या. गचका बसला नाही तर बरोबर झालं. या सगळ्या वेळात उजव्या हातातला ब्रेक सैल पडता कामा नये. नवशिक्यांचा घोळ हाच असतो: डावा हात सुटला की उजवाही नकळत सुटतो आणि गाडी मध्येच पुढे लोटल्यासारखी होते.

असंच चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. आकडे बघत बसायचं नाही. हे कानानं करायचं काम आहे. इंजिन जड झालं की एक गिअर खाली. पहिल्याचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्यावरून पहिल्यावरची उडी सगळ्यात मोठी असते, म्हणून चालता चालता पहिल्यात क्लच सोडायचा मोह टाळा. दहा-पंधराच्या वेगाला क्लच दाबा, दाबलेलाच ठेवा, पहिला गिअर टाका आणि ब्रेकवर थांबा.

प्रत्येक गिअरमध्ये क्लच सोडलाच पाहिजे का? शिकत असताना हो, कारण त्यातूनच वेग आणि गिअर यांची सांगड कानात बसते. पुढे हात बसल्यावर सावकाश थांबताना चौथ्यातच वेग बऱ्यापैकी उतरवून, क्लच दाबून दोन गिअर सोबत पाडून दुसऱ्यात क्लच सोडला तर काही बिघडत नाही. काही शिकवणारे याला सक्त नाही म्हणतात. मला ते फार काटेकोर वाटतं. गिअर वेगाला जुळलेला आहे ना, एवढंच पाहायचं.

गिअर पाडताना रेसला हलकासा हिसका देऊन इंजिन आधीच वर न्यायचं, असंही तुम्ही ऐकलं असेल. तंत्र उत्तम आहे. क्लच दाबलेला असताना मनगटाचा छोटा हिसका, इंजिन चढतं, गिअर पडतो, क्लच सुटतो आणि चाकाला काही कळतही नाही. पण हे ब्रेक दाबलेला ठेवून करायचं असतं. दोन बोटं ब्रेकवर आणि त्याच हातानं रेस. सहा महिन्यांच्या चालकाच्या बाबतीत बहुतेकदा ब्रेकचा दाब कमीजास्त होतो. छोट्या एक सिलिंडरच्या गाडीवर, रोजच्या रस्त्यावर, क्लच सावकाश सोडून तेच काम होतं. त्यामुळे सध्या याच्या मागे लागू नका. हवंच असेल तर आधी ब्रेक न लावता, मोकळ्या जागी, नुसता तिसऱ्यावरून दुसरा टाकताना करून पाहा. काही गाड्यांत स्लिपर क्लच असतो. मागच्या चाकाकडून उलटा जोर आला की तो थोडा निसटतो आणि चाक घसरण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो. असला तर चांगलंच, पण पावसात त्याच्या भरवशावर क्लच झटक्यात सोडायचा नाही.

अचानक समोर काही आलं तर मात्र वरचं सगळं विसरा. गिअर मोजत बसायची ती वेळ नाही. रेस बंद, क्लच दाबा, दोन्ही ब्रेक, गाडी आणि हँडल सरळ. एबीएस असेल तर पुढचा ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून धरा. लीव्हर बोटांखाली थरथरेल, कटकट असा आवाज येईल. ते एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण आहे, घाबरून सोडू नका. एबीएस नसलेल्या चाकाची गोष्ट वेगळी. पुढचं चाक अडकलं तर लगेच सोडून पुन्हा हलक्या हातानं सुरुवात करा. मागचं अडकलं आणि गाडी सरळ असेल तर पेडल थोडं सैल करा. पण मागचं चाक आधीच बाजूला गेलं असेल तर एकदम सोडू नका. त्याला अचानक पकड मिळाली की गाडी दुसऱ्या बाजूला इतक्या जोरात उसळते की माणूस हवेत फेकला जातो. तेव्हा ते तसंच घसरत थांबू देणं कमी वाईट.

थांबल्यावरचा तुमचा अडकणारा गिअर. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये एका गिअरच्या बाजूचे दाते शेजारच्या खाचांमध्ये जाऊन बसतात. चाक फिरत असतं तोवर आतलं सगळं फिरत असतं, म्हणून दात्यासमोर खाच लगेच येते. गाडी उभी राहिली आणि दात्यासमोर दाताच आला की तो आत जाणार कसा? लाथा मारून उपयोग नाही, गिअर सरकवणारे आतले फोर्क वाकायची भीती. डाव्या पायानं लीव्हरवर हलका दाब धरा आणि क्लच अगदी किंचित, गाडी हलेल न हलेल इतका सोडा. आतली चक्रं जराशी फिरतात आणि टक् करून गिअर बसतो. लगेच क्लच पुन्हा दाबा, पुढचा गिअर. किंवा गाडी पायानं जराशी मागेपुढे ढकला. पण हा इलाज अडल्या वेळेपुरता. वेगासोबत गिअर पाडत आलात तर थांबाल तेव्हा पहिलाच असेल. आणि थांबल्यावर लगेच न्यूट्रल करू नका. मागची गाडी थांबलेली आरशात दिसेपर्यंत पहिल्यात, क्लच दाबून, ब्रेकवर पाय ठेवून राहा.

सहकाऱ्यांचा सल्ला एका ठिकाणी सोळा आणे खरा आहे, ते म्हणजे लांब उतार. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर राहिलात तर डिस्क तापते, पॅड तापतात आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पुरेसा ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, लीव्हर स्पंजासारखा दबतो आणि ब्रेक लागत नाही. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठीच. उतार सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी धरू द्या आणि ब्रेक सतत घासत न ठेवता मधून मधून नीट दाबून सोडा. उतारावर न्यूट्रल किंवा क्लच दाबून जाणं तर कधीच नको.

ओल्या रस्त्यावर पद्धत हीच, फक्त सगळं आधी आणि सगळं हळू. ब्रेक लवकर सुरू करा, गिअर नेहमीपेक्षा उशिरा म्हणजे वेग आणखी उतरल्यावर पाडा, क्लच आणखी सावकाश सोडा. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा विशेष जपा. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं यांवर असताना ना कडक ब्रेक, ना गिअर. वळणाआधीच ब्रेक आणि गिअर दोन्ही उरकून घ्या. टायरची पकड वळण्यात खर्च होत असताना तिच्यातून आणखी मागायचं नाही. मागे कुणी बसलं असेल तर मागच्या चाकावर वजन वाढतं, त्यामुळे मागचा ब्रेक जरा जास्त कामाला येतो. थांबायला अंतर मात्र जास्त लागेल असंच धरून चला.

पोटातला गोळा वाचून जाणार नाही, करून जाईल. कोरडं, सपाट, रिकामं मैदान शोधा. सुरक्षेचं सगळं घालून जा: हेल्मेट, हातमोजे, बूट. सुरुवात ३० च्या वेगानं, नुसता पुढचा ब्रेक, तो दोन टप्प्यांचा. शॉकअप बसल्याचं हाताला कळेपर्यंत तेवढंच करत राहा. मग ब्रेकला हात न लावता तिसऱ्यावरून दुसरा, लक्ष फक्त क्लचच्या शेवटच्या अर्ध्यावर. मग दोन्ही एकत्र. जोर दर वेळी थोडा वाढवा, वेग नाही. जमलं की दादाला सोबत घेऊन जा आणि ३० च्या वेगात एकाच खुणेपासून एकदा त्याच्या पद्धतीनं, एकदा तुमच्या पद्धतीनं थांबून दाखवा. अंतर त्याला पायानं मोजू दे.

मैदानावर जायच्या आधी दोन गोष्टी तपासून घ्या. क्लच लीव्हरच्या टोकाशी ढील बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असायला हवी. ती जास्त असेल तर क्लच दाबूनही इंजिन चाकापासून पूर्ण सुटत नाही आणि थांबल्यावर गिअर अडकण्याचं तेही एक कारण असू शकतं. आणि चेन फार ढिली असेल तर क्लच कितीही जपून सोडला तरी गचका बसतोच. दोन्हींची नेमकी मापं त्याच पुस्तिकेत दिलेली असतात. मेकॅनिककडून ती तशी करून घ्या आणि मगच सरावाला लागा.